कांद्याचा वास

माझं अक्षर चांगलं आहे आणि माझा स्वभाव वाईट आहे, या दोन्ही गोष्टी पेठ गावात सगळ्यांना माहीत आहेत. अक्षर चांगलं म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं तीन वर्षांपूर्वी शाळेनंतरचा वर्ग माझ्या हवाली केला. आणि स्वभाव वाईट आहे म्हणूनच तो अजून नीट चालू आहे, असं आपलं माझं मत.

आमच्याकडे शाळा पाचला सुटते. आया मंचरला कांद्याच्या वखारीत निवडायला गेलेल्या असतात, नाहीतर कुणाच्या तरी वावरात. पिकअप भरून त्या परत येतात तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असतात. पूर्वी मधल्या वेळात पोरं रस्त्यानं हुंदडायची, बांधावर बोरं शोधायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आता गावाभोवती जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि उसात बिबट्या. तिन्हीसांजेला एकटं पोर कुणी रस्त्यावर सोडत नाही. म्हणून समाजमंदिराच्या दोन खोल्यांत आमचा वर्ग भरतो. पुढच्या खोलीत अभ्यास, मागच्या खोलीत खाऊ शिजवायचा. पोरं चोवीस. पोर मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं, रजिस्टरला सही घ्यायची, मगच उंबरा ओलांडू द्यायचा. हा नियम मीच केलेला आहे आणि तो मोडलेला मला खपत नाही.

खाऊ करायला चिमाबाई आहे. वय साठीच्या पुढं, किती पुढं ते तिलाही माहीत नाही. तिचा नवरा यमाजी अजून चाळीसेक मेंढरं राखून आहे. जन्म मेंढरांमागं गेला, गुडघे बोलायला लागले तेव्हा ती गावात टेकली. चिमाबाईला लिहिता-वाचता येत नाही, ते एक असो. पण ती पोरं मोजतही नाही. मी हजेरी घेते तेव्हा ती दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावरून हात फिरवते. चोवीस डोकी हाताखालून गेली की म्हणते, "आली समदी." आणि चुकत नाही. मला या गोष्टीचा पहिल्यापासून राग आहे, कारण मी हजेरी घेऊनसुद्धा दोनदा चुकले आहे.

जुलैमध्ये श्रेया आली. पहिलीतली, सहा वर्षांची. दोन घट्ट वेण्या आणि बंद तुटलेलं दप्तर. तिची आई दोन वर्षांपूर्वी आजारानं गेली होती. बाप अमृत, पारगावच्या साखर कारखान्याला ट्रकवर असतो. त्यानं चैत्रात दुसरं लग्न केलं. नवी बायको अश्विनी, पंचविशीची, हडकुळी, बोलायला भिणारी. ती वखारीत कांदा निवडायला जाते.

पहिल्या दिवशी अश्विनी श्रेयाचं नाव घालायला आली. रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, नेणाऱ्या माणसाचं मुलाशी नातं. मी पेन धरून विचारलं, "तुम्ही कोण हिच्या?" अश्विनी नुसती उभी. मागं चार बाया सहीसाठी खोळंबलेल्या. मी म्हटलं, "सावत्र आई ना?" आणि माझ्या चांगल्या अक्षरात तसं लिहिलं. मोठ्यानं म्हणत लिहिलं. मला तेव्हा वाटलं, काम पटकन उरकलं.

त्या संध्याकाळी अश्विनी न्यायला आली आणि श्रेया मागच्या खोलीतल्या चुरमुऱ्यांच्या पोत्यामागं जाऊन बसली. मी हाक मारली, "श्रेया, आई आली तुझी." आतून उत्तर आलं, "ती माझी आई न्हाई." अश्विनीनं हात धरून बाहेर ओढली तर पोरीनं असं भोकाड पसरलं की पिकअपवाला बाहेरून डोकावून गेला. हे रोज सुरू झालं. मी गोळीचं आमिष दाखवलं, डोळे वटारले, एकदा तर "आई म्हण, मग सोडते" असं म्हणून पाच मिनिटं दारात उभीही केली. पोरगी उभी राहिली पण म्हणाली नाही. सगळ्या आया बघत होत्या. अश्विनी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो ताई." मला अजून ती पाच मिनिटं आठवली की अंगावरचं पांघरूण डोक्यावरून घ्यावंसं वाटतं.

ऑगस्टच्या शेवटी अमृत स्वतः आला. ट्रक हायवेला लावून, घाईत. म्हणाला, "ताई, दिवाळीला हिला ओतूरला हिच्या मामाकडं सोडतो. तिकडंच शाळेत घालतो. हिलाबी तरास, तिलाबी तरास. मी असतो रस्त्यावर."

"अश्विनी काय म्हणते?" मी विचारलं.

"ती काय म्हननार? रडती."

तो गेल्यावर अश्विनी सही करायला वाकली आणि वर न बघताच म्हणाली, "मला जमंना ताई, समजतंय मला. पर ती गेली तर मी त्या घरात कुनाची कोन? लोक म्हनतील, हिनंच घालवली." आणि मग हळू आवाजात, "आन ती झोपेत माझ्या दंडाला धरती. जागी झाली की सोडती."

चिमाबाई मागं भांडी घासत होती. सगळे गेल्यावर तिनं हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, तुमी रागवू नका. पर ह्ये असं न्हाई हुयाचं."

"मग कसं व्हायचं?" मी रागावूनच विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. मेंढ्या दिवसभर चरायला जातात. लहान कोकरं तेवढं चालू शकत नाहीत, ती मुक्कामावर जाळीच्या कुंपणात ठेवतात, बायकांच्या राखणीला. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या की एकच गलका होतो. कोकरं सुटतात आणि ज्याची आई त्याला सापडते, वासावरून. पण एखादीचं कोकरू मेलेलं असतं आणि एखाद्या कोकराची आई. त्या दोघांना एकमेकांचं करायचं काम बायकांचं.

"तवा आमी कोकराला त्या मेंढीच्या फुडं ढकलत न्हाई. ढकललं का ती ढुशी मारती, मंग कोकरू जलमभर बुजतं. त्याच्या अंगाला तिचा वास लावायचा. तिच्याच दुधाचा हात फिरवायचा पाठीवरनं. दोघांना आडोशाला बांधायचं जवळ जवळ. आन आपुन पाठ फिरवून बसायचं."

"पाठ कशाला?"

"मानूस बघत बसलं का ती दोघं एकमेकांकडं बघत न्हाईत, मान्साकडं बघत्यात."

मी म्हटलं, "चिमाबाई, ही माणसाची पोरं आहेत." ती म्हणाली, "व्हय की. म्हनून तर जास्त येळ लागल." आणि उठून झाडू घेतला. वाद घालायचा असता तर मी जिंकले असते. ती वाद घालत नाही, हीच तिची खोड आहे.

चार-पाच दिवसांनी मी मागच्या खोलीत गेले तर श्रेया पाटावर बसून कांदे सोलत होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि भेळीच्या परातीशेजारी सोललेल्या कांद्यांचा हा ढीग. मी ओरडलेच. संस्थेच्या फॉर्मवर स्पष्ट प्रश्न आहे, मुलांना स्वयंपाकघरात प्रवेश आहे का? त्याचं बरोबर उत्तर 'नाही' असं आहे आणि मी ते तीन वर्षं लिहीत आले आहे.

चिमाबाईनं मला हाताला धरून बाहेर नेलं. माझ्या हाताला धरायची हिंमत गावात कुणाची नाही.

"म्या तिला इचारलं, अश्विनीचं काय आवडत न्हाई तुला? तर म्हनली, तिचा वास येतो, कांद्याचा. मंग म्या इचारलं, तुझ्या आईचा कसला वास यायचा गं? आन बाई, पोर म्हनली, मशीनच्या तेलाचा. ब्लाऊज शिवायची ती. आन कापडावर खुना करायच्या खडूचा. मंग बोलायलाच लागली. कुनी इचारलंच न्हवतं तिला आजवर."

मीही विचारलं नव्हतं. मी तिचं नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि कसली अॅलर्जी आहे का ते विचारलं होतं.

"अश्विनीचा वास काय जायचा न्हाई, रोज दहा घंटे कांद्यात असती ती," चिमाबाई म्हणाली. "मंग पोरीच्याच हाताला लावला. सवय हुईल."

मी म्हटलं, "साहेब तपासणीला येईपर्यंत चालवून घेते. त्यानंतर नाही." हे बोलताना मी आवाज चढाच ठेवला होता.

मग रोजचा एक शिरस्ताच पडला. पाच वाजता श्रेया दप्तर टाकायची आणि मागं पळायची. कांदा सोलण्यात ती इतकी तरबेज झाली की देठ कुठं कापायचा ते बाकीच्या पोरांना शिकवायला लागली. साडेसहाला अश्विनी मागच्या दारानं यायची, वखारीतल्या अवतारात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, केसांत कांद्याची टरफलं. चिमाबाई तिला दुसऱ्या दिवशीचे कांदे द्यायची आणि श्रेयाच्या पाठीला पाठ लावून बसवायची. बोलायचं नाही, हाक मारायची नाही. मग चिमाबाई स्वतः भिंतीकडं तोंड करून भांडी घासायची. मी पुढच्या खोलीत घड्याळ बघत चरफडायचे, कारण सात वाजता कुलूप लावायचं असतं.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात चिमाबाईनं मला सांगितलं, पोरगी मागं रेलली. अश्विनीचा हात थांबला, पण ती हलली नाही, श्वास रोखून बसली बिचारी. तिसऱ्या आठवड्यात श्रेया रडल्याशिवाय घरी गेली. हात धरला नव्हता. अश्विनीच्या टॉवेलाचं टोक मुठीत धरून चार पावलं मागून चालत होती. मी दारातून बघत होते. डोळ्यांत पाणी आलं तर मी कांद्यावर ढकललं, आणि कांदे तर मागच्या खोलीत होते.

दिवाळीला बारा दिवस राहिले असताना संस्थेचा फोन आला, उद्या तपासणी.

आता माझ्या स्वभावाचं सांगते. तपासणी म्हटली की माझ्या अंगात येतं. मी फरशी दोनदा पुसून घेतली, तक्ते सरळ केले, शेंबड्या पप्पूचं नाक तीनदा पुसलं. संध्याकाळी आया सहीला आल्या तेव्हा सगळ्यांना दारात बजावलं, "उद्या पुण्याचे साहेब येणारेत. जरा नीटनेटक्या या. वखारीच्या अवतारात कुणी येऊ नका. आपल्या वर्गाची लाज राखा." चिमाबाई तेव्हा हापशावर पाण्याला गेली होती. अश्विनीनं मान हलवली. ती माझा शब्द कधी मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे मोहित नावाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, पाठीला सॅक, हातात टॅब. स्वभावानं गरीब वाटला. पोरांशी बोलला, भेळ खाल्ली, चिमाबाईला नमस्कार केला. मी श्रेयाला त्या दिवशी मागं जाऊ दिलं नाही. पहिल्या रांगेत बसवली, साबणानं हात धुवून. ती दोनदा उठली आणि दोनदा मी तिला डोळ्यांनी खाली बसवलं.

साडेसहाला आया यायला लागल्या. मोहितनं टॅबवर घड्याळ लावलं. "मूल पालकाच्या ताब्यात द्यायला किती वेळ लागतो, तेवढं बघतो ताई. दोन मिनिटांच्या आत असेल तर पूर्ण गुण." मी मनात म्हटलं, बघच. आणि खरंच, माझ्या पोरांनी लाज राखली. नाव पुकारलं की पोर उभं, दप्तर पाठीला, सही, बाहेर. मिनिटसुद्धा लागत नव्हतं. तेवीस पोरं गेली.

मग अश्विनी आली. पुढच्या दारानं.

क्षणभर मीही ओळखलं नाही. अर्धा दिवस सुट्टी काढून ती न्हाऊन आली होती. लग्नातली मोरपंखी साडी, केसांत गजरा, आणि दारातून आधी आत आला तो वासाच्या साबणाचा आणि पावडरीचा घमघमाट. चेहऱ्यावर असं हसू की बघा ताई, तुम्ही सांगितलं तशी आले. आणि मी, कपाळकरंटी, मोहितकडं एक डोळा ठेवून खड्या आवाजात म्हणाले, "श्रेया, चल, आई आली तुझी."

श्रेया उठली. दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. तिनं नाक वर केलं, अश्विनीकडं नीट बघितलं, आणि मागं सरकत सरकत मागच्या खोलीत पळाली. चुरमुऱ्यांचं पोतं पडल्याचा आवाज आला. मग ते जुलैतलं रडणं.

अश्विनीचं हसू तसंच राहिलं आणि चेहरा पडला. असं हसू मी कुणाचं पाहिलेलं नाही. "ताई, आता ते ओतूरला..." एवढंच म्हणाली ती. मला सगळं एकदम कळलं. मी काय बोलले होते, कुणाला बोलले होते, आणि त्या पोरीचे हात मी आज साबणानं धुतले होते. सव्वा महिना त्या दोघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या आणि मी एका साहेबासाठी ते सगळं उधळून दिलं.

"चिमाबाई," मी म्हटलं. "चिमाबाई, काहीतरी करा." मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदा असं कुणाला म्हणाले.

पण चिमाबाईच्या आधी अश्विनी हलली. ती माझ्या अंगावरून मागच्या खोलीत गेली. पोत्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. लग्नातल्या साडीनिशी जमिनीवर फतकल मारली, पोत्याकडं पाठ केली, टोपलीतला कांदा घेतला, फरशीवर ठेवला आणि बुक्की घालून फोडला. मग दुसरा. मग तिसरा. फुटलेला कांदा दोन्ही हातांनी चोळला, दंडांना लावला, गळ्याला लावला. गजरा काढून बाजूला टाकला.

चिमाबाईनं मधल्या दाराचा पडदा बाजूला केला होता तो तसाच धरला आणि आमच्याकडं बघून म्हणाली, "पाठी फिरवा. समद्यांनी."

मोहित म्हणाला, "म्हणजे?"

"तुमीबी, साहेब. तिकडं तोंड."

मोहित भिंतीकडं वळला. त्याच्यासमोर पुणे जिल्ह्याचा नकाशा होता. मी फळ्याकडं वळले. चिमाबाई बाहेरच्या दाराकडं. असे आम्ही तिघं उभे राहिलो, शिक्षा झाल्यासारखे.

मागून फक्त बुक्कीचा आवाज. पोरीचे हुंदके. मग हुंदके जरा लांब लांब. मग नुसतं नाक ओढणं. मोहितच्या हातातल्या टॅबवरचं घड्याळ चालू होतं, त्याचा उजेड नकाशावर जुन्नरच्या आसपास पडला होता. मला मागं वळून बघायचं होतं. इतकं बघायचं होतं की मान दुखायला लागली. नाही बघितलं.

बऱ्याच वेळानं चुरमुरे पायाखाली चुरडल्याचा आवाज आला.

मग श्रेयाचा आवाज, जरा लांबून. "साडीवर पानी उडतंय."

"उडू दे," अश्विनी म्हणाली. बुक्की थांबली नाही.

"नवी हाय?"

"व्हय."

मग अगदी जवळून, चिडल्यासारखा तोच आवाज, "असा न्हाई फोडायचा. समदा चेंदा केला तू. सरक. दे माझ्याकडं, तुला नीट येत न्हाई."

माझ्या शेजारी चिमाबाईनं श्वास सोडला. नकाशासमोर मोहितनं चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडं न बघता परत घातला.

त्यांनी टोपलीतले सगळे कांदे सोलले. आम्ही सगळा वेळ तसेच उभे. शेवटी बांगड्या वाजल्या, दप्तर उचलल्याचा आवाज आला, आणि त्या दोघी आमच्या पाठीमागून बाहेर गेल्या. कांद्याचा वास आमच्या अंगावरून गेला. रस्त्याला लागल्यावर मी वळले. अंधार पडत होता, अश्विनीनं मोबाईलची बॅटरी लावली होती, आणि श्रेया तिच्या कडेवर होती. सहा वर्षांचं घोडं, पण कडेवर. अश्विनी सही करायला विसरली होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच सही राहिली आणि मी हाक मारली नाही.

मोहितनं टॅब बघितला. "एकतीस मिनिटं," तो म्हणाला. "ताई, मी... दोन लिहू का?"

"एकतीस लिहा," मी म्हटलं. "आणि स्वयंपाकघरात मुलं जातात, तेही लिहा."

"कारण लिहावं लागतं, वेळ जास्त लागला तर."

चिमाबाई चुरमुरे झाडून गोळा करत होती, ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, "लिवा, पोरगी घरी गेली."

त्यानं तसंच लिहिलं. आम्हाला 'ब' श्रेणी मिळाली. पहिल्यांदाच. पत्र आलं तेव्हा मी ते फाईलला लावलं आणि माझ्या नेहमीच्या वेळेला जेवले, हे माझं मलाच नवल वाटलं.

पण त्या संध्याकाळी मोहित गेल्यावर मी कुलूप लावलं नाही. रजिस्टर काढलं, जुलैपासून एकेक पान उलटलं आणि श्रेयाच्या ओळीतला 'सावत्र' हा शब्द खोडत बसले. रोज माझ्याच हातानं लिहिलेला, वळणदार. सत्तरेक पानं होती. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, हे मी पोरांना, आयांना आणि सरपंचांनाही सुनावलेलं आहे.

चिमाबाई भांडी आवरून माझ्या मागं येऊन उभी राहिली. "काय खोडताय एवढं?"

"चूक झाली होती."

"कवा?"

"जुलैमध्ये."

"मंग लई येळ लावला बाई," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोरांच्या फिरवते तसा. मी पुढचं पान उलटलं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. अमृतशी गाठ पडली नाही, अश्विनीशीही नाही. वखार सुट्टीत चालू होती एवढं कळलं. मी रोज स्वतःला सांगत होते, एका संध्याकाळनं काय होतं, बापानं मामाला शब्द दिलेला आहे, ट्रकवरच्या माणसाला सोय बघावी लागते. ओतूर काही परदेशात नाही. मामाही चांगला असेल. असं सगळं सांगायचे आणि रात्री उशी बदलून झोपायचे.

शाळा उघडली त्या दिवशी मी चारलाच वर्ग उघडला. पाच वाजता चिमाबाई दारात उभी राहिली, पोरं आत यायला लागली. पप्पू आला, नवीन चप्पल दाखवत. बाकीची आली. मी हजेरी घेत होते पण माझं लक्ष चिमाबाईच्या हाताकडं होतं. तेवीस डोकी तिच्या हाताखालून गेली. ती दारातून हलली नाही. मी पेनला टोपण लावलं, परत काढलं.

"आली समदी?" मी विचारलं. मीच विचारलं.

"थांबा की," चिमाबाई म्हणाली.

वळणावरून श्रेया पळत आली. दाराशी तिचं डोकं चिमाबाईच्या हाताखालून गेलं की नाही ते मला दिसलंच नाही, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि दप्तर दाखवलं. तुटलेला बंद शिवलेला होता. टीप वाकडीतिकडी, दोनदा उसवून परत मारलेली.

"आईनं घरातली मशीन काढली," ती म्हणाली. "तिला येत न्हाई. मी सांगितलं तेल कुटं घालायचं ते."

मी बंद बघायला वाकले तर तिच्या हातांना वास होता. कांद्याचा, आणि त्याच्यात मिसळलेला मशीनच्या तेलाचा. सुट्टीभर ती वखारीत जाऊन बसली असणार.

माझ्या स्वभावाप्रमाणे मी म्हटलं, "हात धुवून ये आधी. कसला वास येतोय!"

श्रेयानं आपले हात नाकाशी नेले, नीट हुंगले, आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मलाच काही समजत नाही.

"आमचा तसाच येतो, बाई," ती म्हणाली आणि कांदे सोलायला मागं पळाली.